वाचकांचे प्रश्न : पाखाडी, दम आणि रक्तातील सीआरपी

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील ६३ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. रक्तदाब जुना आहे, मधुमेह अलीकडे निघाला. घर खाली वाडीत आणि एसटीचा थांबा वर सड्यावर. जी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) मी एका दमात चढत असे, तिथे आता दोनदा टेकावे लागते. छातीत दुखत नाही. तपासणीत एचएस-सीआरपी (शरीरातील दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारी रक्तचाचणी) ४.६ आले. गुडघे दुखले की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून घेतो. दाह कमी करणारे औषध घेतल्यास चालणे सुधारेल का, की आता चढउतार बंद करावी?

उत्तर : आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. मधुमेहात हृदयाला रक्त अपुरे पडत असतानाही छातीत न दुखता नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे वाटते, असे पुष्कळदा घडते. तेव्हा ईसीजी, हिमोग्लोबिन आणि डॉक्टरांना आवश्यक वाटल्यास टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) व स्ट्रेस टेस्ट (चालवून घेतलेला ईसीजी) झाल्याखेरीज ‘वय झाले’ या निष्कर्षावर येऊ नये.

सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. पोटाभोवतीची चरबी, तंबाखू, अनियंत्रित साखर यांमुळे शरीरात मंद दाह धुमसत राहतो, इंटरल्युकिन-६ हे रसायन वाढते आणि त्याच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी अधिक बनवते. लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास हृदयविकाराचा धोका कमी, ३ च्या वर असल्यास जास्त मानतात; १० च्या वर गेल्यास आधी एखादा संसर्ग शोधावा लागतो. लावणीच्या दिवसांतला ताप किंवा सुजलेली दाढही हा आकडा वाढवते, म्हणून प्रकृती ठणठणीत असताना काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

या दाहाचा चालण्याशी संबंध खरा आहे. वयस्कांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत ज्यांच्या रक्तात ही द्रव्ये जास्त होती, त्यांचे चालणे पुढे लवकर मंदावल्याचे दिसले. दाहामुळे स्नायूंची झीज वाढते आणि रक्तवाहिन्यांची लवचिकता घटते. उलट बसून राहिल्याने स्नायू आणखी कमी होतात, पोट वाढते आणि दाहाला खतपाणी मिळते. शेजारीपाजारी प्रेमापोटी देतात तो ‘आता आराम करा’ हा सल्ला म्हणूनच मला घातक वाटतो.

औषधाचे म्हणाल, तर अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या, चालण्यात अडचण आणि इंटरल्युकिन-६ वाढलेले असणाऱ्यांना लोसार्टन किंवा माशाचे तेल देऊन पाहिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ना ते रसायन लक्षणीय उतरले, ना चालण्याचा वेग वाढला. (रक्तदाबासाठी लोसार्टन चालू असेल, तर ते मुळीच थांबवू नये.) याउलट ७० ते ८९ वयाच्या १६३५ जणांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नियमित चालणे व व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्के, तर केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्यांपैकी ३५.५ टक्के लोक ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावून बसले. फरक मोठा नसला, तरी त्या वयात स्वतःच्या पायांनी बाजारात जाता येणे ही लहान गोष्ट नाही.

वेदनाशामक गोळ्या मात्र परस्पर घेणे आजच थांबवावे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि आपल्यासारख्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर सपाट रस्त्यावर, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यावे. घरी भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीशी दुमडून पाच वेळा उठबस करावी. १५ सेकंदांहून जास्त लागले, तर मांड्यांची ताकद कमी आहे असे समजून हाच व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस करावा. पाखाडी टप्प्याटप्प्याने, कठड्याला धरून चढावी. पावसात जांभ्यावर शेवाळ धरते, तेव्हा पडवीतल्या येरझाऱ्यांवर भागवावे. जेवणात बांगडा, तारली जरूर असावी. सुकी मासळी आणि लोणचे मात्र मिठामुळे आवरते घ्यावे.

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईला वेंगुर्ल्याच्या बाजारात चालताना पोटऱ्यांत कळ येते आणि थांबल्यावर जाते. ती मिश्री लावते. हा सांधेदुखीचा प्रकार आहे का?

उत्तर : ठरावीक अंतर चालल्यावर येणारी आणि थांबताच ओसरणारी कळ पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढावे, ते ०.९ किंवा त्याहून कमी आल्यास निदान बहुधा पक्के होते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच असल्याने ती सुटायलाच हवी. कळ येईपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा यावरचा मान्य उपचार आहे. रात्री झोपेतही पाय दुखू लागले किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर मात्र वाट न पाहता रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे न्यावे.