शाखा बदलण्याआधी शेजारचं काम शिकू द्या

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं दोन लेथचं छोटं वर्कशॉप आहे. एआय आणि इलेक्ट्रिक गाड्यांमुळे आता यात काही राम नाही, असं जो तो म्हणतो. त्याला कॉम्प्युटरकडे वळवू का? – एक पालक

नमस्कार. तुमची धास्ती अनाठायी नाही. बॅटरीवरच्या गाडीला पिस्टन, क्रँकशाफ्ट, सिलिंडर हेड लागत नाही. पण ब्रेकचे पार्ट, हब, मोटरचं हाऊसिंग तिलाही लागतं, आणि पंप-व्हॉल्व्हचं काम तर वेगळंच. त्यामुळे घाबरून शाखा सोडू नका.

मशीन, कंट्रोलर, सॉफ्टवेअर बदलत राहणार. ड्रॉइंग वाचणं, मोजमाप आणि धातू कापताना काय होतं याची जाण मात्र टिकते, आणि नवं यंत्र तिच्याच जोरावर शिकता येतं. एक उदाहरण देतो. सीएनसी लेथचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञांवर चालणाऱ्या लेथचा, प्रोग्राम आज एआय लिहून देतं. त्यात G96 ने (कापण्याचा वेग कायम ठेवणारी आज्ञा) कटिंग स्पीड मिनिटाला 150 मीटर ठेवला, तर 50 मिमी व्यासावर चक, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) पकडून फिरवणारा भाग, मिनिटाला साधारण 955 फेऱ्यांनी (आरपीएम) फिरेल. फेसिंग करत, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापत, टूल 10 मिमी व्यासावर आलं, की तोच आकडा 4775 वर जातो. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरवर G50 या आज्ञेनं कमाल आरपीएम बांधून दिला नसेल, तर चकची पकड सैल होऊन जॉब उडू शकतो. ही चूक कागदावरच पकडणारा मुलगा कुठल्याही शॉपला हवा असतो. तो तयार होतो तुमच्या साध्या लेथवर, कारण तिथं व्यास बघून स्पीड त्यालाच ठरवावा लागतो.

म्हणून पुढच्या सहा महिन्यांत पहिले दोन महिने दर रविवारी त्याला तुमच्या लेथवर उभं करा. प्रत्येक जॉब मायक्रोमीटरने 0.01 मिमीपर्यंत त्यानंच मोजायचा, आकडा वहीत लिहायचा. नंतरचे दोन महिने सीएनसी. प्रोग्राम कुणीही लिहिलेला असो, आधी सिम्युलेशन, मग जॉब न लावता ड्राय रन, मग सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ थांबत चालवून), फीड म्हणजे टूल सरकण्याचा वेग कमी ठेवून पहिला पीस. टूल ऑफसेट, म्हणजे टूलच्या टोकाची मशीनला दिलेली जागा, चुकला तर टूल थेट चकवर आदळतं, म्हणून या पायऱ्या गाळू देऊ नका. शेवटचे दोन महिने शेजारचं काम, म्हणजे फौंड्री (धातू ओतून पार्ट बनवण्याचा कारखाना) किंवा इन्स्पेक्शन (पार्टची तपासणी). तुमच्याकडं येणारं कास्टिंग (ओतीव पार्ट) पहिल्या कटनंतर ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या वायूची पोकळी, दाखवतं, तेव्हा वाळूत ओल जास्त होती की साच्यातून वायू निघायला वाट कमी पडली, हे त्यानं शिरोलीच्या फौंड्रीत जाऊन मोल्डरला, म्हणजे साचा बनवणाऱ्याला, विचारावं. रिजेक्ट पार्टची अशी नोंदवही मला कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोलाची वाटते. मुलं एकामागून एक ऑनलाइन कोर्स करतात, पण जॉबला हात लावत नाहीत. मग मशीन बदललं की सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

कॉम्प्युटर शिकू दे, पण याच कामासाठी : आधी कॅड-कॅम (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग आणि मशीनचा प्रोग्राम करणं), पुढं पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा. इन्स्पेक्शनचे आकडे वाचून टूल कधी झिजतंय हे दाखवणारा छोटा प्रोग्राम हा त्याचा पहिला प्रकल्प असू दे.

डिप्लोमानंतर वर्षभराची अप्रेंटिसशिप घ्यावी. स्टायपेंडच्या आकड्याआधी कंपनीला विचारा, वर्षात किती विभागांत फिरवणार? बारा महिने एकाच मशीनवर पार्ट लावायला-काढायला ठेवणार असतील, तर थोडा कमी स्टायपेंड देणारी पण प्रोग्रामिंग, सेटिंग आणि इन्स्पेक्शन तिन्ही शिकवणारी जागा निवडा.