ईर्ष्यावान देव आणि गावचा पोळा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बायबलातल्या दहा आज्ञांत देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो, आणि कर्नेल्य या परराष्ट्रीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी येशूचा शिष्य पेत्र म्हणतो की देव पक्षपात करत नाही. खरं कोणतं? आणि गावच्या पोळ्यात आपली जोडी तोरणाखाली उभी केली तर या देवाला चालेल का?

हे जुना करार विरुद्ध नवा करार असं भांडण नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात देव ईर्ष्यावान आहे. 10व्या अध्यायात तोच देव लाच घेत नाही, अनाथ-विधवेचा न्याय करतो, परक्या माणसावर प्रेम करून त्याला अन्नवस्त्र देतो. घोळ आपला होतो. ही ईर्ष्या परधर्मीयांवर रोखलेली आहे असं आपण धरून चालतो. बहुतेक ठिकाणी ती घरच्यांवर रोखलेली असते.

जुन्या करारातलं ‘1 राजे’ हे पुस्तक, अध्याय 17 ते 21, एका बैठकीत वाचा. बआल या कनानी दैवताला डोक्यावर घेणारा अहाब हा इस्राएलचाच राजा, म्हणून दुष्काळ त्याच्या राज्यात. त्याच दुष्काळात देव एलीया संदेष्ट्याला कुठे पाठवतो? सीदोनातल्या सारफथला. म्हणजे अहाबची राणी ईजबेल हिच्या माहेरी, बआलाच्या मुलखात. तिथे एक विधवा काटक्या वेचतेय. उरलंसुरलं पीठ भाजून पोराबरोबर खायचं आणि मग मरायचं, असा तिचा हिशोब. तिच्या मडक्यातलं पीठ सरत नाही. ‘आधी बआल सोड’ अशी अट कुणी घातलेली नाही. येशूने नासरेथच्या सभास्थानात हीच बाई आणि कुष्ठरोगातून बरा झालेला अरामी सेनापती नामान यांचं नाव काढलं, तर गावकरी त्याला कड्यावरून लोटायला निघाले. परक्यावरची माया घरच्यांना झोंबते, ती अशी.

पुढे 21वा अध्याय. अहाबला वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन देणार नाही. राजा तोंड फिरवून खाटेवर पडतो, जेवत नाही. राणी राजाच्या नावाने पत्रं लिहिते, दोन खोटे साक्षीदार उभे राहतात, नाबोथाला दगडमार होतो आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो. वावराच्या धुऱ्यावरून जन्माची वैरं पाहिलेल्या आपल्या लोकांना हे फोड करून सांगायला नको. माझ्या मते देवाच्या ईर्ष्येचं कारण इथे उघडं पडतं. राजाचा देव बदलला की आधी मरतो तो नाबोथ.

आता पोळा. नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला विचारतो, माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोन या अरामी दैवताच्या देवळात वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा होईल ना? अलीशा एवढंच म्हणतो, शांतीने जा. पण नामान नवा होता आणि दुसऱ्याचा चाकर होता. तुम्ही ख्रिस्ती मंडळीत वाढलेले, जोडी तुमची स्वतःची. ही सवलत जशीच्या तशी तुम्हाला लागू होत नाही.

आदल्या दिवशी खांद शेकणं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणणं, झूल, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, गड्याला बोजारा म्हणजे बक्षिसी, यात मला काही वावगं दिसत नाही. मळणीच्या बैलाला मुसकी घालू नका, हे शास्त्रातच आहे. बैलाला देव मानून आरती ओवाळायची वेळ आली की मी बाजूला होईन, गाजावाजा न करता. शेजाऱ्याने पुरणपोळीला बोलावलं तर जा. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 10व्या अध्यायात ‘आपण प्रभूला ईर्ष्येस पेटवतो काय?’ असं विचारणारा प्रेषित पौल थोडं पुढे म्हणतो, बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. हे नैवेद्याचं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर मात्र सांगणाऱ्यासाठी थांबा.

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 16वा अध्याय वाचून दाखवणाऱ्या नवऱ्यांपासून जपा. तिथे देव फसवलेला नवरा होऊन बोलतो, आणि संशयी माणसाला बायकोवर हात उचलायला ते आयतं सापडतं. पण त्या अध्यायातली बायको म्हणजे सगळं यरुशलेम, त्यातले राजे, याजक, कर्ते पुरुष. ऐकणाऱ्या नवऱ्याची जागा तिथे आहे, देवाच्या आसनावर नाही.

अनुवाद 7 मधली कनानी लोकांच्या संहाराची आज्ञा मात्र वरच्या मांडणीत बसत नाही. तिथे ईर्ष्या परक्यांवरच कोसळते. भाष्यकार पुष्कळ कारणं देतात, माझं त्यातल्या एकानेही समाधान झालेलं नाही.