बोलताना 'कृपया' का म्हणवत नाही?

पुण्यातील एका कार्यालयात काम करणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे: बोलताना 'कृपया' म्हटले तर सरकारी पत्र वाचल्यासारखे वाटते आणि 'प्लीज' म्हटले तर इंग्रजीचा आधार घेतल्यासारखे, मग मराठीत विनंती करण्याचा शब्द कोणता? त्यांच्या हिंदीभाषक सहकाऱ्यांच्या मते मराठी माणसे सतत हुकूम सोडल्यासारखी बोलतात आणि असा शब्दच नसणे हा त्याचा पुरावा आहे. शेवटी त्यांनी हेही विचारले आहे, की सोसायटीच्या सूचनाफलकावर तरी 'कृपया' लिहावे की नाही.

मराठीत विनंती एखाद्या सुट्या शब्दात राहत नाही, ती क्रियापदाच्या रूपात राहते. 'कृपया' हे संस्कृत 'कृपा' शब्दाचे तृतीयेचे रूप, म्हणजे 'कृपेने'. ते लेखनाच्या वाटेने मराठीत आले आणि अर्ज, निमंत्रणपत्रिका, रेल्वेच्या उद्घोषणा यांतच रमले. 'मेहेरबानी करून' याचेही तसेच आहे, अर्जातल्या 'मे. कोर्टास विनंती' मधला 'मे.' म्हणजे हाच 'मेहेरबान'. हे शब्द घरगुती बोलण्यात आले की त्यांचा अर्थ बहुधा उलटतो. 'कृपा करा आणि आता थांबा', 'मेहेरबानी कर आणि इथून जा' ही वाक्ये विनंतीची नाहीत, ती वैतागाची आहेत. बोलताना 'कृपया' म्हणवत नाही याचे हे एक मोठे कारण आहे, आणि प्रश्नकर्त्याच्या कानाला ते बरोबर जाणवले आहे.

जेवणाच्या पंगतीत किंवा दुकानात आपण काय म्हणतो ते पाहावे. 'मीठ दे' आणि 'मीठ द्या' ही आज्ञार्थाची रूपे झाली. त्यापुढे 'तेवढं मीठ देता का', 'मीठ द्याल का जरा', 'मला थोडं मीठ मिळेल का' अशी रूपे येतात, आणि 'तेवढं', 'जरा', 'थोडं' हे शब्द मागणीचा आकार लहान करून समोरच्यावरचा भार हलका करतात. इंग्रजीतला 'प्लीज' हाही मूळचा एकटा शब्द नव्हता. 'तुम्हाला रुचत असेल तर' अशा अर्थाच्या अटीच्या वाक्यातून तो उरला आहे, आणि फ्रेंचमधला 'सिल व्हू प्ले' आजही अक्षरशः तेच सांगतो. मराठीने ती अट आखडून एका शब्दात बसवली नाही. 'हरकत नसेल तर', 'जमलं तर', 'सवड असेल तेव्हा' असे प्रसंगानुसार बदलणारे तुकडे आपण वापरतो.

मात्र प्रश्नार्थक रूप म्हणजे आपोआप सौजन्य, असा समज कोणी करून घेऊ नये. 'जरा सरकून बसता का?' ही विनंती आहे, पण 'गप्प बसतोस का?' ही दटावणी आहे, आणि 'जातोस की नाही?' ही तर धमकीच आहे. 'देता का?' मध्ये मार्दव आहे, पण 'देताय का?' म्हटले की उशीर होत असल्याची तक्रार ऐकू येते. अलीकडे कार्यालयांत आणि ग्राहकसेवेच्या दूरध्वनीवर 'तुम्ही मला माहिती देऊ शकता का?' असे फार ऐकू येते. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही, पण त्यात समोरच्याच्या क्षमतेची चौकशी होते. 'माहिती द्याल का?' एवढ्याने काम होते आणि तेच अधिक मराठी आहे.

मला मराठी विनंतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती म्हणजे तिच्यातून माणूस बाजूला ठेवण्याची सोय. 'पाणी मिळेल का?' या वाक्यात देणारा कुठेच नाही. 'उद्या सकाळी येता येईल का?' या वाक्यात 'तुम्ही' कर्ता नाही. येणे शक्य आहे का, एवढेच विचारले आहे, त्यामुळे समोरच्यालाही कोणाचे मन न दुखवता 'नाही हो, येता येणार नाही' असे म्हणून दोष परिस्थितीवर ठेवता येतो. ही सोय जुनी आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी पसायदान मागितले ते 'आतां विश्वात्मकें देवें, येणें वाग्यज्ञें तोषावें' अशा शब्दांत. 'देवा, तू संतुष्ट हो' असे ते म्हणत नाहीत. देव तृतीयेत ठेवून, थेट आज्ञार्थ टाळून, 'तोषावें' आणि 'द्यावें' या विध्यर्थी रूपांत ते मागतात. फिनिश भाषेतही 'प्लीज'ला नेमका एक प्रतिशब्द नाही, आणि तिथेही माणसे 'साइसिन्को' म्हणजे साधारण 'मला मिळू शकेल का' या अर्थाच्या संकेतार्थी रूपाने मागतात. फिनिश लोकांना त्यामुळे उद्धट म्हणायचे का?

आता हिंदीभाषक सहकाऱ्यांच्या तक्रारीकडे येतो. ती खोडसाळ नाही. तिच्यामागे व्याकरणाचे खरे कारण आहे. हिंदीत 'तू दे', 'तुम दो', 'आप दीजिए' अशा तीन पायऱ्या रोजच्या बोलण्यात आहेत आणि त्यावर 'दीजिएगा' ही आणखी मृदू पायरी आहे. मराठीत रोजच्या वापरातल्या पायऱ्या दोनच: 'दे' आणि 'द्या'. तिसरी 'आपण द्यावे' ही औपचारिक प्रसंगापुरती उरते. ती रोजची होऊ शकत नाही, कारण बोली मराठीत 'आपण' म्हणजे प्रथम 'तू आणि मी मिळून'. 'आपण उद्या जाऊ' या वाक्यात आदर नसतो, सोबत असते. म्हणून मराठीतल्या 'तुम्ही'ला हिंदीतल्या 'तुम' आणि 'आप' या दोघांचे काम करावे लागते. हिंदीभाषकाच्या कानाला 'तुम्ही बसा' हे 'तुम बैठो'सारखे ऐकू येते. उलट मराठी माणूस हिंदी बोलताना आपल्या पूर्ण आदराच्या 'तुम्ही'चे भाषांतर 'तुम' असे करतो आणि साठीच्या गृहस्थांना सरळ 'तुम बैठो' म्हणून मोकळा होतो. त्याच्या मनात आदरच असतो, पण तो हिंदीच्या चुकीच्या पायरीवर उतरतो. माझ्या मते मराठी माणसाच्या 'उद्धटपणा'विषयीच्या गैरसमजांतला मोठा वाटा या एका सर्वनामाचा आहे. हिंदी बोलताना 'आप' आणि '-इए' हे दोन धरून ठेवले, तर कार्यालयातला बराचसा ताण निवळेल.

आज्ञार्थ म्हणजे हुकूम, हेही सर्वत्र खरे नाही. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी 1978 मध्ये सौजन्याविषयी जो प्रसिद्ध सिद्धान्त मांडला, त्यात समोरच्याच्या स्वातंत्र्यावर आपली मागणी लादली जाऊ नये म्हणून माणसे आडवळणाने बोलतात, या विचाराला मोठे स्थान आहे. पोलिश वंशाच्या भाषाशास्त्रज्ञ आना व्हिएझबित्स्का यांनी 1985 मध्ये यातील इंग्रजी वळणावर बोट ठेवले: पोलिश भाषेत आज्ञार्थ सहज आणि आपुलकीने वापरला जातो, तेव्हा इंग्रजांची रीत ही जगाची रीत मानू नये. मराठी माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. दारात आलेल्याला 'या, बसा, पाणी घ्या' असेच म्हणायचे असते, आणि ताटात पोळी वाढताना 'घ्या हो, एवढीच घ्या' असा आग्रह करायचा असतो. तिथे 'आपण आणखी एक पोळी घेऊ शकाल का?' असे कोणी विचारले तर पाहुण्याचा हात ताटावर आडवा जाईल. ज्या कृतीत समोरच्याचे हित आहे तिथे आज्ञार्थ हेच सौजन्य, आणि जिथे आपला लाभ आहे तिथे प्रश्न किंवा अकर्तृक रूप, अशी ही विभागणी आहे.

उरलेले काम संबोधने आणि लहानसे अव्यय करतात. 'मावशी, जरा पिशवी धरता?', 'दादा, एवढं उतरवून द्या ना', विदर्भातले 'सांगा न जी', कोल्हापूरकडचे 'द्या की' या प्रत्येकात नाते किंवा लकब विनंतीचे वजन उचलते. एकेरीपणही नेहमी अनादराचे नसते. आईला आणि विठ्ठलाला आपण 'तू'च म्हणतो. जुन्या पत्रांत तर विनंती मायन्यातच असे: थोरांना 'सा. न. वि. वि.', बरोबरीच्यांना 'स. न. वि. वि.', म्हणजे नमस्कार साष्टांग असो वा सप्रेम, 'विनंती विशेष' दोघांनाही.

'प्लीज' वापरू नये असे मी म्हणत नाही. मराठीत त्याने स्वतःचे एक काम शोधले आहे: 'आई, प्लीज ना गं' यात विनंतीपेक्षा लाडीगोडी आहे आणि ती जागा 'कृपया' कधीच घेऊ शकणार नाही.

राहिला सूचनाफलक. फलकाला आवाज नसतो, 'जरा' आणि 'हं' त्याला म्हणता येत नाही, समोर कोण येईल हे ठाऊक नसते. म्हणून तिथे 'कृपया' योग्यच आहे. पण त्याच्यापुढे 'वाहने लावू नका' लिहिण्यापेक्षा 'कृपया येथे वाहने लावू नयेत' असे लिहावे, आणि जागा कमी असेल तर 'कृपया' गाळावे, 'नयेत' ठेवावे.