सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर म्हणजे नेमकं काय? मायक्रोसर्व्हिसेस आल्यावर ते शिकण्यात अर्थ आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या नोट्समध्ये हॉटेलातल्या वेटरचं उदाहरण दिलंय. गिऱ्हाइकानं वेटरला सांगायचं, वेटरनं आत सांगायचं, आचाऱ्यानं बनवायचं, आत काय चाललंय ते गिऱ्हाइकानं बघायचं कारण नाही. उदाहरण चुकीचं नाही. फक्त त्यातला वेटर कधी गायब होत नाही आणि एकच ऑर्डर दोनदा आत जात नाही. मी हे सगळं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्री अडीच वाजता शिकलो, मागं ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना. त्यामुळं उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

व्याख्येचं उरकून घेऊ. हा शब्द गार्टनर या सल्लागार कंपनीच्या विश्लेषकांनी १९९६ मध्ये वापरात आणला. पुढं २००० नंतर सोप (निरोप पाठवायची पद्धत), डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन लिहायची भाषा), एक्सएमएल (माहिती लिहायचा नमुना) असा सगळा बाजार त्याच्याभोवती भरला आणि लोकांना वाटायला लागलं की सोप म्हणजेच एसओए, म्हणजे सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर. तसं नाही. ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं २००६ मध्ये जे संदर्भ-मॉडेल प्रमाण म्हणून मंजूर केलं त्यात भर तंत्रज्ञानावर नाहीच, मालकीवर आहे: वेगवेगळ्या ठिकाणी पसरलेल्या आणि वेगवेगळ्यांच्या ताब्यात असलेल्या क्षमता नीट लावायच्या आणि वापरायच्या कशा. ‘ताब्यात’ हा शब्द ध्यानात ठेवा, बाकी व्याख्या विसरलात तरी चालेल.

आता कारखाना. कोल्हापूर जिल्ह्यातला, सहकारी, नाव घेत नाही. आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस कोल्हापूरच्या राजारामपुरीत, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही बाराजण. कारखान्याची जुनी सिस्टीम म्हणजे एकच डेटाबेस. शेती विभाग त्यात ऊस नोंद ठेवायचा: शेतकरी कोण, जमिनीचा गट नंबर कुठला, उसाची जात कुठली, लागणीची तारीख काय. त्याच टेबलातनं काटा वाचायचा, अकाउंट्स वाचायचं, सोसायटीची कपात करणारा प्रोग्रामही वाचायचा. एका मे महिन्यात शेती विभागानं गावाचा कोड तीन आकड्यांवरनं चार आकड्यांवर नेला. त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण गळीत सुरू झालं त्या दिवशी काट्यावरच्या चिठ्ठ्यांवर भलतीच गावं छापून यायला लागली, आणि पहिल्या पंधरवड्यात एका गावच्या शेतकऱ्यांच्या बिलातनं शेजारच्या गावच्या विकास सोसायटीचं कर्ज वसूल झालं. कोल्हापुरात हे झाल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

यावर उत्तर सर्व्हिस हेच होतं, आणि ते मांडणाऱ्यांत मी पहिला होतो. दुसऱ्याच्या टेबलात थेट हात घालणं म्हणजे शेजाऱ्याच्या फडात न विचारता कोयता घालणं. नोंद शेती विभागाची, तर इतरांनी त्याला विचारावं, त्यानं ठरलेल्या नमुन्यात उत्तर द्यावं. आत कोड तीन आकडी की तेरा आकडी, ते त्याचं त्यानं बघावं. ठरलेला नमुना बदलायचा तर आधी सांगावं, आणि जुना नमुना निदान एक हंगाम तरी चालू ठेवावा. एसओएची निम्म्याहून अधिक ओळख इथंच झाली.

तर पाच सर्व्हिस ठरल्या: नोंद, तोडणी ऑर्डर, काटा, बिल, वसुली. मधे ईएसबी (एंटरप्राइज सर्व्हिस बस), म्हणजे सगळे निरोप ज्याच्यातनं जातात तो बस. आमचे साहेब पुण्यात मोठ्या कंपनीत दहा वर्षं काढून आलेले, त्यांनी आराखडा काढला. दिसायला देखणा होता, खोटं कशाला बोलू. काटा माझ्याकडं.

त्या आराखड्यात प्रत्येक गाडी काट्यावर आली की काट्यानं बसमार्फत तोडणी ऑर्डर सर्व्हिसला विचारायचं, तिनं नोंद सर्व्हिसला विचारायचं, उत्तर परत आलं की मगच वजन सेव्ह. मी म्हटलं, साहेब, आजच्या तोडीची यादी सकाळी काट्यावर उतरवून घेऊ, तासाला ताजी करू. काटा कुणासाठी थांबता कामा नये. ते म्हणाले, एकच माहिती दोन ठिकाणी ठेवणं आर्किटेक्चरमध्ये बसत नाही. मी म्हटलं, ऊस गव्हाणीत पडायचाय, आर्किटेक्चर नव्हे. हे जरा जास्तच बोललो, मान्य आहे. तीन बैठका यावरच गेल्या आणि तिन्ही मी हरलो.

डिसेंबरात पहिलं मोठं बिल लागलं. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, म्हणून पंधरवड्याचं बिल रात्रीतच चालवायचं असा दंडक. रोजचं गाळप साडेचार हजार टन, ट्रॅक्टर-ट्रक-बैलगाड्या मिळून चारशेच्या आसपास खेपा, म्हणजे पंधरवड्याला सहा हजार चिठ्ठ्या. बिल सर्व्हिस प्रत्येक चिठ्ठीमागं नोंद सर्व्हिसला तीनदा विचारायची: एकदा शेतकरी, एकदा गट, एकदा जात. अठरा हजार हेलपाटे! एका हेलपाट्यात पाचशे चिठ्ठ्यांची माहिती मागता आली असती, पण सर्व्हिस ‘छोटी आणि सुटसुटीत’ ठेवायची होती ना. नोंद सर्व्हिस धापा टाकायला लागली आणि तिच्या दारात, त्या अठरा हजारांच्या मागं, माझा काटा उभा.

मला दीडला फोन आला, अडीचला पोचलो. थंडी मरणाची. काट्यावरचे मामा पडद्यावरचं फिरणारं चक्र बघत बसलेले. एका गाडीला एरवी मिनिट लागायचं, तिथं चार-पाच मिनिटं. रांग फाटकातनं रस्त्यावर गेलेली. एक ट्रॅक्टरवाला खिडकीत येऊन म्हणाला, “सायेब, ऊस वाळून चिपाड व्हायच्या आत काटा करा.” विनोद नव्हता तो. तोडलेला ऊस उभा राहिला की वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. पहाटे चारला मिल ‘नो केन’, म्हणजे गाळायला ऊस नाही, म्हणून थांबली, बाहेर दीडशे गाड्या ऊस भरून उभ्या असताना.

खरी गंमत नंतर. साठ सेकंदांत उत्तर आलं नाही की पडद्यावर एरर यायचा. मामा बिचारे परत बटण दाबायचे. पहिला निरोप मेलेला नव्हता, वाटेत होता. दोन्ही पोचले, दोन्हींना नवा नंबर मिळाला, दोन्ही नोंदले गेले. आम्हाला पत्ताच नाही. बिल हातात पडल्यावर करवीर तालुक्यातला एक म्हातारा शेतकरी बिल आणि चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठी एक, बिलात खेपा दोन. म्हणाला, “माझ्या तीस गुंठ्यात एवढा ऊस निघाला असता तर मी एस्टीनं कशाला आलो असतो?” शोधल्यावर त्या रात्रीच्या अशा ४१ खेपा निघाल्या. वाहतूकदारांच्या बिलातही त्या दोन-दोनदा होत्या. त्यांच्यातला कुणी आला नाही.

उपाय साधा होता. चिठ्ठीचा नंबर सर्व्हरनं द्यायचा नाही, काट्यानं आधीच द्यायचा. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर पलीकडच्यानं ‘मिळालंय’ एवढंच म्हणायचं. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. तुम्ही यूपीआयनं पैसे पाठवता तेव्हाही प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा आयडी असतो तो यासाठीही. दुसरं म्हणजे तोडीची यादी काट्यावर उतरवली आणि वजनं रांगेतनं मागाहून पाठवायला लागलो. हो, तीच यादी, तीन बैठकांत नाकारलेली. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या पीटर डॉइच यांनी १९९४ मध्येच वितरित, म्हणजे अनेक संगणकांवर पसरलेल्या, प्रणालींबद्दलच्या भ्रमांची यादी केली होती. पहिला भ्रम, नेटवर्क भरवशाचं असतं. दुसरा, निरोपाला वेळ लागत नाही. आमच्या आराखड्यात पहिल्याच पानावर दोन्ही होते.

म्हणून हद्दी कशा पाडायच्या याबद्दल माझं मत पक्कं आहे. दोन प्रश्न विचारा: ही माहिती बदलायचा अधिकार कुणाचा? आणि बाकी सगळे झोपले तरी कुठलं काम चालू राहिलं पाहिजे? आमच्या पाच हद्दी पहिल्या प्रश्नाला बरोबर होत्या, दुसरा कुणी विचारलाच नाही. मेल्विन कॉनवे या प्रोग्रामरनं १९६८ मध्ये म्हटलं होतं की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशाच आकाराची सिस्टीम ती बनवतात. कारखान्यात या. शेती ऑफिस आणि अकाउंट्सचं जमत नसेल तर कुठलाही बस त्यांचं जमवून देत नाही. सर्व्हिसची सार्वजनिक डिरेक्टरी काढायचाही प्रयोग झाला होता, यूडीडीआय नावाचा. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एसएपी चालवत होत्या, जानेवारी २००६ मध्ये बंद केली. अनोळखी सर्व्हिस डिरेक्टरीत शोधून कोण वापरणार? रात्री अडीचला फोन कुणाला करायचा ते माहीत पाहिजे.

मायक्रोसर्व्हिसेसचं राहिलं. जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर यांनी २०१४ मध्ये ती कल्पना नीट मांडली. ढोबळ फरक असा की एसओए अख्ख्या संस्थेचा विचार करतं आणि बऱ्याचदा अक्कल मधल्या बसमध्ये ठेवतं. मायक्रोसर्व्हिसेस एका अॅप्लिकेशनचे तुकडे करतात, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, प्रत्येक तुकडा वेगळा वेगळा सर्व्हरवर चढवता येतो, आणि मधला पाइप मुद्दाम बिनडोक. मुलाखतीत एवढं पुरतं. शिकण्यात अर्थ आहे का? आहे, कारण वर सांगितलेली प्रत्येक भानगड मायक्रोसर्व्हिसेसमध्येही जशीच्या तशी होते, फक्त पाचाच्या जागी पन्नास सर्व्हिस असतात. कॉलेजच्या प्रोजेक्टला मात्र यातलं काही वापरू नका. एकच प्रोग्राम लिहा, आत मॉड्यूलच्या हद्दी पाळा.

बस वाईटच असतो असं मी म्हणत नाही. जिथं वीस जुन्या सिस्टीम वीस भाषा बोलतात, तिथं मधे दुभाषा लागतोच. काट्यावर प्रत ठेवल्यानं शिळ्या यादीचा त्रासही होतो. दुपारी रद्द झालेली तोड आमच्याकडं तासभर चालू दिसायची, आणि त्यावरनंही एकदा भांडण झालंच. साहेबही हुशार माणूस. बिलाचे हेलपाटे त्यांनीच नंतर दोन दिवसांत कमी केले.

पण त्या रात्रीच्या अहवालात ‘वजनकाटा मॉड्यूलमधील टाइमआउट सेटिंगमुळे’ असं लिहिलं गेलं आणि खाली माझं नाव आलं. तो साठ सेकंदांचा आकडा बसच्या कॉन्फिग फाइलमध्ये होता. त्या फाइलचा पासवर्ड मला कधी दिलेलाच नव्हता.