एकाच तबकडीवरचे दोन बँड

गेल्या अंकातील लेखात ब्रिटनमधील ग्राइंडकोर या अतिवेगवान, कर्कश संगीतप्रकाराचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावरून बर्मिंगहॅमच्या ‘नेपाम डेथ’ या बँडच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांविषयी विचारणारी पत्रे आली. चारही पत्रांचा रोख १९८७ साली निघालेल्या ‘स्कम’ या पहिल्या अल्बमकडे असल्याने या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रश्न : ‘स्कम’ मी मोबाइलवर, हेडफोन लावून, सलग ऐकला. बारा गाणी झाल्यावर सगळेच बदलल्यासारखे वाटते. गाणारा वेगळा, गिटारचा पोत वेगळा आणि गाणी एकदम आखूड. हा माझ्या कानांचा दोष की फाइलचा? शिवाय ध्वनिमुद्रण इतके गढूळ का आहे? ते मुद्दाम तसे ठेवले आहे का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपले कान शाबूत आहेत आणि फाइलही ठीक आहे. बाराव्या गाण्यानंतर तबकडीची पहिली बाजू संपते आणि तेराव्यापासून दुसरी सुरू होते. मोबाइलवर बाजू उलटावी लागत नाही, म्हणून हा सांधा कानाला एकाएकी जाणवतो. या दोन बाजूंच्या ध्वनिमुद्रणांत नऊ महिन्यांचे अंतर आहे आणि ड्रम वाजवणारा मिक हॅरिस सोडला तर दोन्ही बाजूंवर एकही माणूस समान नाही.

हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८१ साली बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडन या गावात निक बुलन आणि माइल्स रॅटलेज या शाळकरी मुलांनी हा बँड काढला. त्या वेळी त्यांचे संगीत म्हणजे ‘क्रास’सारख्या अराजकवादी पंक बँडांच्या वाटेने जाणारे, राजकीय आणि काहीसे अवघडलेले पंक होते. पुढे जस्टिन ब्रॉडरिक गिटारवर आला, रॅटलेज बाहेर पडला आणि त्याच्या जागी हॅरिस आला. हॅरिसला वेगाचा नाद होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या ‘सीज’ या बँडची ध्वनिमुद्रणे त्या काळी कॅसेटींच्या देवाणघेवाणीतून ब्रिटनमध्ये फिरत होती, आणि तो वेग गाठून त्याच्याही पुढे जायचे हे हॅरिसच्या मनाने घेतले होते. बुलन आणि ब्रॉडरिक यांना मात्र संथ, जड, कोंदट आवाजाचेही तितकेच आकर्षण होते. माझ्या मते पहिल्या बाजूची सगळी खुमारी या ओढाताणीत आहे.

ही पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये बर्मिंगहॅमच्या ‘रिच बिच’ या स्टुडिओत मुद्रित झाली. बुलन गात होता आणि बेस गिटारही वाजवत होता, ब्रॉडरिक गिटारवर होता आणि हॅरिस ड्रमवर. ब्रॉडरिकचा जन्म ऑगस्ट १९६९ चा, म्हणजे तेव्हा तो जेमतेम १७ वर्षांचा होता. सगळा खर्च ५० पौंडांच्या आसपास आला. ‘स्कम’ नावाचा अल्बम करायचा, त्याची एक बाजू आता आणि दुसरी नंतर, असा काही बेत तेव्हा नव्हता. दुसऱ्या एका बँडबरोबर अर्धी-अर्धी तबकडी काढण्याचा विचार होता, तो तडीस गेला नाही आणि टेप तशीच पडून राहिली. मधल्या काळात ब्रॉडरिक दुसऱ्या बँडमध्ये ड्रम वाजवायला गेला आणि बुलननेही बँड सोडला. टेप पोहोचली नॉटिंगहॅमच्या डिग्बी पिअर्सनकडे. त्याची ‘इअरेक’ ही छोटी कंपनी तेव्हा नुकतीच उभी राहत होती. अर्धीच तबकडी विकता येत नाही, म्हणून उरलेली बाजू भरण्यासाठी हॅरिसने नवी माणसे जमवली. गाण्यासाठी ली डोरियन आला. तो कव्हेंट्रीत पंक बँडांचे कार्यक्रम ठरवण्याचे काम करीत असे. गिटारवर बिल स्टिअर आला, जो त्याच वेळी ‘कार्कस’ या बँडमध्येही होता, आणि बेसवर जिम व्हाइटली. मे १९८७ मध्ये याच स्टुडिओत दुसरी बाजू मुद्रित झाली आणि जुलैमध्ये अल्बम बाजारात आला. म्हणजे बँडच्या पहिल्याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर तो बँड काढणाऱ्यांपैकी कोणीही नाही. हॅरिसदेखील नंतरच आलेला होता.

आता आकड्यांकडे पाहा. पहिल्या बाजूवर १२ गाणी आहेत आणि ती सुमारे १९ मिनिटे चालतात. दुसऱ्या बाजूवर १६ गाणी साधारण १४ मिनिटांत उरकतात. पहिल्या बाजूचे सरासरी गाणे दीड मिनिटाचे भरते, तर दुसऱ्या बाजूचे मिनिटभरही टिकत नाही. आपल्याला गाणी ‘एकदम आखूड’ वाटली ती यामुळे. पहिल्या बाजूवर ‘सीज ऑफ पॉवर’ हे सुमारे चार मिनिटांचे गाणे आहे, ज्यात रिफला, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरतुकड्याला, मांडी घालून बसायला जागा मिळते. दुसऱ्या बाजूवर तशी जागा कुठेच नाही. बुलन भुंकल्यासारखा गातो, पण त्याचे शब्द अधूनमधून हाती लागतात. डोरियन खोल गुरगुरीतून एकदम किंचाळीकडे जातो आणि त्यात शब्द बुडून जातात. स्टिअरचा गिटारस्वर ब्रॉडरिकच्या मानाने जाडसर आहे.

एक कबुली देतो. मी हा अल्बम प्रथम ऐकला तो कॉपीवरून कॉपी केलेल्या कॅसेटवर. भरणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी दोन्ही बाजू कॅसेटच्या एकाच अंगाला सलग भरल्या होत्या, त्यामुळे मधला बदल ऐकून टेप ताणली गेली आहे अशीच माझी कित्येक दिवस समजूत होती. आपण निदान विचारले तरी.

गढूळपणाबद्दल. तो मुद्दाम आणलेला नाही, आणि केवळ स्टुडिओ स्वस्त होता म्हणून आलेलाही नाही. ड्रमचा प्रत्येक ठोका उमटल्यावर त्याचा नाद विरायला काही क्षण लागतात. पुढचा ठोका त्याआधीच पडला की दोन्ही नाद एकमेकांत मिसळतात. त्यावर भरपूर डिस्टॉर्शन (आवाज फाटल्यासारखा खरखरीत करणारा परिणाम) लावलेली गिटार आणि तसेच डिस्टॉर्शन लावलेला बेस हे दोघेही खालच्या-मधल्या पट्टीत एकाच जागेसाठी भांडतात. हे सगळे निवळायला हवे असेल तर प्रत्येक वाद्याचे वेगळे मुद्रण, मायक्रोफोनची नीट मांडणी आणि मिक्ससाठी भरपूर तास लागतात, आणि ५० पौंडांत तास मिळत नाहीत. तरी पहिली बाजू लोक म्हणतात तितकी गढूळ नाही, असे मी आग्रहाने सांगेन. अल्बम उघडणारे ‘मल्टिनॅशनल कॉर्पोरेशन्स’ ऐका. त्यात धरून ठेवावा असा ताल जवळजवळ नाहीच. झांजांची सळसळ, गिटारची घरघर आणि त्यावर बुलनचा घोगरा आवाज एवढेच आहे, आणि त्यातले काहीही एकमेकांत हरवत नाही. गढूळपणा वेगाबरोबर येतो, संथ जागी तो निवळतो.

प्रश्न : मी तबला शिकते. ‘स्कम’वरचा ‘ब्लास्ट बीट’ हा ड्रमचा ठेका म्हणजे नेमके काय? चौगुनीच्याही पुढची लय समजायची का? मला ती मोजताच येत नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : ठेका अगदी साधा आहे. उजवा हात झांजेवर आणि त्याच वेळी उजवा पाय बास ड्रमवर पडतो. या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये डावा हात स्नेअर या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर पडतो. एवढेच सतत, शक्य तितक्या वेगाने. सावकाश वाजवले तर ते पंकमधल्या नेहमीच्या ठेक्यासारखेच वाटेल. तुम्ही बायाँ आणि दायाँ आलटून-पालटून एकेक ठोका देत लय वाढवत नेलीत, तर एका टप्प्यावर ठोके वेगवेगळे ऐकू येणे थांबते आणि त्याची एक सलग घरघर होते. तीच ही घरघर.

चौगुनीशी मात्र तुलना करू नये. चौगुनीत बोल दाटतात, पण मात्रा जागच्या जागी राहते, आणि समेची वाट पाहणारा कान त्या मात्रेला धरूनच बसलेला असतो. ब्लास्ट बीटमध्ये वेगाखाली अशी धीमी मात्रा ड्रमवाला तुम्हाला देत नाही. ती शोधायची असेल तर गिटारकडे वळावे. गिटारवादक स्वरसमूह कधी बदलतो ते पाहिले की आवर्तनाची लांबी हळूहळू कळते. ‘द किल’ हे पहिल्या बाजूवरचे गाणे जेमतेम २३ सेकंदांचे आहे. ते चार-पाच वेळा लागोपाठ ऐका आणि ड्रमकडे पूर्ण दुर्लक्ष करा. हा ठेका हॅरिसने शोधलेला नाही, ‘सीज’सारख्या बँडांनी तो आधीच वाजवला होता. ‘ब्लास्ट बीट’ हे नाव रूढ करण्याचे श्रेय मात्र त्याला दिले जाते.

प्रश्न : मला ‘फ्रॉम एन्स्लेव्हमेंट टू ऑब्लिटरेशन’ या नावाचा १९८६ चा डेमो ऐकायला मिळाला. १९८८ च्या त्याच नावाच्या अल्बमचा हा कच्चा खर्डा आहे का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, फक्त नाव एक आहे. डेमोवर बुलन, ब्रॉडरिक आणि हॅरिस आहेत, आणि त्यातील काही गाणी पुढे ‘स्कम’च्या पहिल्या बाजूवर आली. १९८८ चा अल्बम डोरियन, स्टिअर, हॅरिस आणि बेसवर नव्याने आलेला शेन एम्बरी यांचा आहे. त्यामुळे डेमो ऐकायचा तो ‘स्कम’च्या आधीची पायरी म्हणून.

प्रश्न : दोन शंका आहेत. ‘यू सफर’ हे सेकंदभराचे गाणे निव्वळ विनोद आहे का? आणि हीच गाणी चांगल्या सामग्रीवर मुद्रित झाली असती तर कशी वाटली असती? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो. ‘यू सफर’ १.३१६ सेकंदांचे आहे आणि सर्वांत आखूड ध्वनिमुद्रित गाणे म्हणून गिनेसच्या नोंदीत गेले आहे. शब्द चारच आहेत, पण तो एक पुरता प्रश्न आहे. विनोद त्यात आहेच, मात्र ते गाणे पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी ठेवले आहे हे विसरू नये. ज्याने तबकडी ऐकली त्याला ते कानावर पडता पडताच सुई उचलायला उठावे लागे. मोबाइलवर ते दोन गाण्यांमधला अडथळा होऊन जाते, आणि नोंदीमुळे त्याला मिळालेली प्रसिद्धी उरलेल्या २७ गाण्यांच्या वाट्याची आहे असे मला नेहमी वाटत आले आहे.

दुसऱ्या शंकेचे उत्तर प्रत्यक्ष ऐकता येते. बीबीसीच्या रेडिओ १ वरील निवेदक जॉन पील यांना हा बँड फार आवडला. सप्टेंबर १९८७ मध्ये, म्हणजे अल्बम निघाल्यावर दोन-तीन महिन्यांतच, त्यांच्या कार्यक्रमासाठी बीबीसीच्या स्टुडिओत १२ गाणी मुद्रित झाली, आणि ती सगळी मिळून सहा मिनिटेही भरत नाहीत. तोवर व्हाइटली जाऊन एम्बरी आला होता, त्यामुळे हा ‘स्कम’वर कुठेही नसलेला तिसरा संच आहे. अनुभवी तंत्रज्ञ, मोठी खोली आणि जाणती मांडणी यांचा फरक पहिल्याच गाण्यात कळतो. स्नेअरचा ठोका सुटा ऐकू येतो, बेस गिटारच्या खाली स्वतंत्र उभा राहतो आणि डोरियनचा आवाज दोघांच्या पुढे येतो.

या १२ गाण्यांत पहिल्या बाजूवरचे ‘द किल’ आहे आणि दुसऱ्या बाजूवरची ‘निगेटिव्ह अप्रोच’, ‘डिसीव्हर’, ‘कॉमन एनिमी’ अशी गाणीही आहेत. दुसऱ्या बाजूची गाणी इथे सरळ सरस झाली आहेत, त्यात मला शंका नाही. ती याच गायक-गिटारवादकांची होती आणि चार महिने वाजवून त्यांच्या अंगवळणी पडली होती. ‘द किल’बद्दल मात्र मी दोन्ही मुद्रणे बरीच वर्षे अदलाबदल करून ऐकत आलो आहे. बीबीसीचे मुद्रण अधिक वेगवान आणि अधिक स्वच्छ आहे. पण बुलन-ब्रॉडरिक यांच्या मुद्रणात रिफ थोडी मागे रेंगाळते, ड्रम तिला पुढे ओढतो, आणि ती ओढाताण दुसऱ्या कुठल्याच संचाला परत साधली नाही. दोन्ही लागोपाठ लावून पाहा, एका मिनिटाच्या आत दोन्ही ऐकून होतील.