पहिल्या स्टेज रेसला उतरण्याआधी

मित्रा, सायकलवर शंभर किलोमीटर तू सहज मारतोस, हे मी पाहिलंय. पण स्टेज रेसमध्ये, म्हणजे रोज एक टप्पा अशा अनेक दिवसांच्या शर्यतीत, खरा प्रश्न तिसऱ्या दिवशी सकाळी पाय उठतात का, हा असतो. म्हणून आत्तापासून जोडून दिवस चालव. शनिवारी तुळजापूरचा घाट, रविवारी त्याच थकल्या पायांनी अक्कलकोट. उजाडताच निघ, ऊन चढायच्या आत घरी ये.

घोळक्यात चालवणं शीक, एकट्याने दम मारून हे येत नाही. पुढच्याच्या मागे राहिलं की वारा तो खातो आणि आपली बरीच ताकद वाचते. नजर त्याच्या चाकावर खिळवू नकोस, खांद्यावरून पुढे ठेव. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला समांतर गेलं आणि तो जरा जरी सरकला, तर पडणार तूच. माळरानावर वारा उजवीकडून आला, तर आडोसा त्याच्या डाव्या अंगाला, तिरका मिळतो. तिथे मात्र अंतर सोडूनच राहा.

निकाल सगळ्या टप्प्यांच्या वेळा जोडून लागतो. घोळक्यासोबत पोहोचलास तर सहसा घोळक्याचीच वेळ मिळते, मग विसाव्या नंबरासाठी शेवटच्या वळणावर जीव धोक्यात कशाला?

खाणं भूक लागायच्या आधीच सुरू कर: केळी, खजूर, राजगिऱ्याची चिक्की. पाण्यात मीठ-साखर हवीच. संध्याकाळी साधा वरणभात. शेंगाचटणी, कडक भाकरी रेस संपल्यावर. आणि सायकलिंगच्या दोन शॉर्ट्स घे, रोज धुतलेलीच घाल.