नवऱ्याच्या सहीशिवाय होईल का?

‘मिस्टरांची सही नसेल तर डॉक्टर पोट पाडतील का?’ हा प्रश्न बायका आजही मला दबकतच विचारतात. लॉकडाऊनमधली एक हकिकत सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

घणसोलीतली दोन मुलांची आई. दर तीन महिन्यांनी सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’चं, म्हणजे दिवस न जाण्याचं इंजेक्शन घ्यायची, घरी न सांगता. मार्च २०२० नंतर दवाखाना कोविडच्या कामाला जुंपला आणि तिचा डोस चुकला. नवऱ्याचं काम बंद. एका खोलीत दिवसभर तो, त्याचा राग आणि रात्रीची जबरदस्ती. मोबाइलही त्याच्याच ताब्यात.

तिने फोन केला तो रेशनच्या रांगेतून, ओळखीच्या बाईचा मोबाइल मागून. मागेपुढे माणसं. मी म्हटलं, “तू फक्त हो-नाही म्हण.” मारतो? “हो.” दिवस गेलेत? “हो.” ठेवायचंय? बराच वेळ नुसता रांगेतला गलका ऐकू येत राहिला. मग, “नाही, ताई.”

एका खाजगी दवाखान्याने तिला ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून परत पाठवलं होतं. मला याची फार चीड येते. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यापासून अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. मारणाऱ्याचीच परवानगी आण म्हणणं म्हणजे तिला पुन्हा त्याच्या हाती देणं. २०२१च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. त्यात बलात्कारपीडित आहेत, तशाच सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेल्याही. आणि नवऱ्याने केलेली बळजबरी या कायद्यापुरती बलात्कारच धरायची, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये सांगितलं.

तिच्या वेळी यातलं पुष्कळसं नव्हतं, पण ती लवकर बोलली, म्हणून निभावलं. वस्तीतल्या आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या ‘आशा’ स्वयंसेविका, ‘बाळाच्या डोसाला’ असं सांगून तिला सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या.

पोलिसांत जायला ती तयार नव्हती, मीही रेटलं नाही. २००५च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने त्याच घरात राहण्याचा तुला हक्क आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे कधीही जाता येतं, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ कर, एवढं सांगितलं. रुग्णालयातून निघण्याआधी तिने स्वतःहून तांबी बसवून घेतली. दवाखाना पुन्हा बंद पडला तरी आता तिचं अडणार नव्हतं.